पालय्यानं न पाडलेलं घर

पालय्याची आणि माझी ओळख भांडणातून झाली. कणजगुड्ड्याच्या पायथ्याशी, चिंचेखाली माझी चुरमुऱ्यांची आणि मिरची भज्यांची गाडी असते. डोंगरावर उद्यान झालं, खाली तिकीटखिडकी आली, त्याच वर्षी हा राखणदार म्हणून लागला. अंगावर नवीकोरी खाकी, गळ्यात शिट्टी, हातात बांबूची काठी. मला म्हणतो, "गाडी मागं घ्या, हद्दीत येते." मी म्हटलं, "बाबा रे, हद्द कालची, मी तुझ्या शिट्टीच्या आधीची आणि ही चिंच माझ्याही आधीची. कुणापासून हलवायला सुरुवात करतोस ते सांग." तो जरा वेळ चिंचेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भजी गरम आहेत का?" संपलं भांडण.

तेव्हापासून वर जाताना चहा आणि खाली आल्यावर चुरमुरे, हा त्याचा नेम. बोलायचा फक्त तोंडात घास असताना, त्यामुळं त्याची सगळी कहाणी मी चुरमुऱ्यांबरोबर चावून चावून ऐकली. जन्म पायथ्याच्या हट्टीतला, म्हणजे धनगरांच्या वाडीतला. लहानपणी याच डोंगरावर शेळ्या राखल्या. किल्ल्याचे पडके बुरूज, बहिणींची म्हणतात ती दोन तळी, जुन्या नायक राजांच्या वेळचं कणज म्हणजे धान्याचं कोठार, सगळं तेव्हा शेळ्यांच्या मालकीचं होतं. पुढं उद्यानाच्या खात्यानं वर पायवाटा बांधायला काढल्या, तेव्हा यानं त्यासाठी दगड वाहिले. वाटा झाल्या आणि तो त्याच वाटांवर राखणदार झाला. बायको हंपम्मा पोर पाळण्यात असतानाच गेली. ती पोर म्हणजे नेत्रा. शेजारच्या ईरम्मानं आपली सुवर्णा आणि ही नेत्रा एका ताटात जेवू घालून वाढवल्या. पोरी सख्ख्या बहिणींसारख्या भांडायच्या आणि सख्ख्या बहिणींपेक्षा लवकर एक व्हायच्या. ईरम्मा परवाच्या साली वारली, पण पालय्या आजही तिचं नाव घेताना टोपी काढतो.

आता वरचं सांगते. बाहेरगावची माणसं कणजगुड्ड्यावर जातात ती फोटो काढायला. आमची माणसं जातात घर बांधायला. सिद्धप्पाच्या देवळापुढं मोठं कातळ आहे. तिथं खाली तीन दगड, त्यावर दोन, त्यावर एक, असं छोटं घर रचायचं. ज्याला माडी हवी त्यानं आणखी चढवायचं. आमच्या शाळेतल्या एका मास्तरानं हावरटपणा करून तीन मजले चढवले, ते त्याच्याच अंगठ्यावर आले, महिनाभर लंगडत होता. रचून झालं की सिद्धप्पाला हात जोडायचे, मागं न बघता उतरायचं आणि खरं घर होईपर्यंत पुन्हा बघायला जायचं नाही. वाऱ्यानं पडलं, माकडानं पाडलं, शेळीनं पाडलं तर दोष नाही. माणसानं पाडलं तर मात्र ते घर गेलं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.

पण घराला दगड लागतात आणि कातळावर सुटे दगड किती असणार! लोक कणजाच्या भिंतीतून काढायचे, बुरुजातून उपसायचे. भिंत वर्षावर्षाला उतरत चालली. खात्याचे साहेब आले, त्यांनी डोक्याला हात लावला, पाट्या ठोकल्या. पाट्या वाचतंय कोण? शेवटी पालय्याला हुकूम झाला. रोज संध्याकाळी फाटक बंद झालं की सगळी घरं मोडायची, दगड भिंतीच्या पायाशी नेऊन ठेवायचे. आणि याची वाच्यता करायची नाही, नाहीतर गावात बोंबाबोंब होईल.

पालय्यानं ती वाच्यता माझ्यापाशी केली. मी हातातला झारा खाली ठेवला. "अरे मेल्या, माणसांची घरं मोडतोस? पाप लागेल!"

"माणसानं हातानं पाडू नये म्हणतात ना? मी हातच लावत नाही. पायानं पाडतो." आणि खो खो हसला. "अक्का, दगड रचून घरं झाली असती, तर शेळ्या राखता राखता मी राजवाडा उभा केला असता."

मीही हसले. खोटं कशाला सांगू? पुन्हा वर बघायला जायचं नाही असा नेम, त्यामुळं कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. सगळं गाव वर घर बांधून येत होतं, आशेवर जगत होतं आणि हा रोज संध्याकाळी चुरमुऱ्यांच्या आधी तेवढी आशा झाडून खाली येत होता. ज्यांची घरं व्हायची त्यांची होत होती, ज्यांची नाही त्यांची नाही. मी म्हटलं, चाललंय ते चालू दे.

नेत्रा आणि सुवर्णाची लग्नं एकाच हंगामात झाली. दोघी इथंच शहरात, एकाच गल्लीत भाड्याच्या खोल्यांत राहायला लागल्या. श्रावणातल्या एका सोमवारी दोघी हसत खिदळत वर गेल्या. उतरताना माझ्या गाडीशी थांबल्या. पालय्या तिथंच होता. नेत्रा म्हणाली, "अप्पा, कणजाच्या भिंतीवर तो मासा कोरलाय ना, त्याच्या खाली आमची दोघींची घरं आहेत. शेजारी शेजारी. माकडांना हाकलत जा हं!"

"आणि शेळ्यांना," सुवर्णा म्हणाली.

"शेळ्या आता कुठल्या, तिकीट काढावं लागतं त्यांना," पालय्या म्हणाला.

पुढं नगरपालिकेच्या घरांची सोडत निघाली, त्यात नेत्राचं नाव लागलं. घर झालं, वास्तू झाली. पालय्या लेकीकडं राहायला गेला. सुवर्णाचं नाव लागलं नाही, पण वास्तूच्या दिवशी सगळ्यांत जास्त नाचली ती सुवर्णाच. पुरणाच्या पोळ्या लाटून लाटून तिच्या बांगड्या पिठानं भरल्या होत्या. म्हणाली, "हिचं झालं म्हणजे माझं ठरलं. एकाच जागी, एकाच दिवशी बांधलंय." नंतर पालय्या दिसला की तिचं एकच: "मामा, माझं घर उभं आहे ना?"

"आहे, आहे," तो म्हणायचा.

मला ठाऊक होतं तो सगळी पाडतो. मला वाटलं, पोरीचं मन राखतोय. त्यात वाईट काय? नेत्राचंही पाडलंच असणार आणि तरी तिचं घर झालंच की.

काही वर्षांनी, मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी सुवर्णा गाडीशी आली ती धापा टाकत. पालय्या चहा पीत होता. तिच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, खोली रिकामी करायला सांगितलंय, हे आम्हांला ठाऊक होतं. नवीन होतं ते पुढचं. तिचे मोठे दीर गावाकडं, वाडवडलांच्या घरामागची जागा देऊ करत होते, हे वर्षभर चाललं होतं. ती नको म्हणत होती, कारण तिच्या नवऱ्याची, ओबळेशची मालाची रिक्षा शहरातच चालते, पोराची शाळा इथं आणि मुख्य म्हणजे तिचं स्वतःचं घर इथंच होणार होतं. आता दिरांनी निर्वाणीचं सांगितलं होतं. "आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर मी ती जागा चुलतभावाला देतो."

"ओबळेश काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो काय म्हणणार? तू ठरव म्हणतो. म्हणजे पुढं काही बिनसलं तर तू ठरवलंस म्हणायला मोकळा." ती पालय्याकडं वळली. "मामा, मी दुपारी वर येणार. माझं घर उभं असेल तर दादांना नाही म्हणते. नसेल तर सिद्धप्पाची इच्छा, जाते गावाला."

"बघायचं नसतं ना?" पालय्या म्हणाला. त्याचा आवाज मला निराळाच लागला.

"मी नाही बघणार. मी डोळे मिटून उभी राहीन. अक्का बघतील. अक्का, याल ना? तुमच्याशिवाय कुणावर विश्वास ठेवू?" आणि पोराला शाळेत सोडायला गेलीसुद्धा.

पालय्याच्या चहावर साय धरली. मी म्हटलं, "आता?"

"अक्का, तिचं घर नाही वर."

"ते मला ठाऊक आहे. कुणाचंच नाही."

तो अगदी हळू म्हणाला, "नेत्राचं आहे."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"नेत्राचं मी पाडलं नाही. वळसा घालून जातो. रोज."

"आणि सुवर्णाचं? शेजारीच होतं ना ते?"

"त्या दिवशी गर्दी होती वर. सगळ्यांबरोबर गेलं पायाखाली. लक्ष नव्हतं माझं."

"लेकीचं वाचवताना बरं लक्ष होतं!" माझा आवाज इतका चढला की तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "राजवाडा बांधला असता म्हणत होतास ना? नुसतेच दगड आहेत ना ते? मग नेत्राला वळसा कशाला घातलास रे?"

त्यानं चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, "मी सांगतो तिला. वर पोचायच्या आधी सांगतो. अक्का, तुम्ही फक्त सोबत चला."

जेवणवेळ टळली तसं भज्यांची कढई झाकली, गाडी पानवाल्याच्या भरवशावर टाकली आणि निघाले. माझे गुडघे मला शिव्या देत होते. पालय्या पुढं, मध्ये सुवर्णा, मागं मी. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यात अबोलीचा गजरा, हातात नारळ. पहिल्या दरवाज्यात पालय्या थांबला. "सुवर्णा, जरा ऐक..."

"मामा, आता बोलू नका. मी मनात सिद्धप्पाचं नाव घेतेय, चुकतं."

मी मागून पालय्याला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं मान खाली घातली आणि चालू लागला.

बहिणींच्या तळ्यांपाशी आम्ही पाणी प्यायला टेकलो. तिथं त्याला चांगली संधी होती. सुवर्णाच बोलायला लागली, पण भलतंच. म्हणाली, "अक्का, मला गावाला जायला खरंच नको वाटतं. जाऊबाई चांगल्या आहेत, पण त्या घरात पाण्याचा हंडा कुठं ठेवायचा हेसुद्धा विचारावं लागतं. मला माझी चूल माझ्या मनासारखी मांडायचीय. मोठं नको. नेत्राएवढंच पुरे." मग पालय्याकडं बघून हसली. "तुम्ही वर नसता ना मामा, तर मी कधीच हिंमत सोडली असती. सगळे म्हणतात वेडी आहेस. मी म्हणते, आमचे मामा रोज बघतात, ते काय खोटं सांगतील?"

पालय्यानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. ओला चेहरा बाहीनं पुसायचं नाटक तो बराच वेळ करत राहिला. मला त्याची कीवही आली आणि त्याला तळ्यात ढकलून द्यावंसंही वाटलं.

वरच्या बुरुजावर कॉलेजची चार पोरं भिंतीवर चढून फोटो काढत होती. एकानं भिंतीतला दगड हलवून बघितला. पालय्यानं सवयीनं शिट्टी फुंकली, काठी उगारली. "ए! दगडाला हात लावायचा नाही! उतरा खाली!" पोरं उड्या टाकून पळाली. सुवर्णा कौतुकानं म्हणाली, "बघा अक्का, दगडसुद्धा जपतात मामा." मी म्हटलं, "हो ना, फारच जपतात." पालय्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही.

शेवटचा चढ संपला. समोर सिद्धप्पाचं देऊळ, पुढं कातळ, उजवीकडं कणजाची पडकी भिंत. कातळावर त्या दिवशीची नवी घरं होती, पाच-सहा असतील. मासा भिंतीच्या टोकाला, आडोशाला. सुवर्णानं माझा हात धरला आणि डोळे गच्च मिटले. मी तिला आंधळ्या माणसासारखी भिंतीच्या कडेनं नेली. पालय्या चार पावलं मागं. मी वळून त्याच्याकडं बघितलं. अजून सांग, अजून वेळ आहे. तो नजर चुकवून शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

माशाच्या खाली आम्ही थांबलो. तिथं एकच घर होतं. खाली तीन, वर दोन, त्यावर एक. दगडांवर शेवाळ धरलं होतं, कडेला गवत उगवलं होतं. इतकी वर्षं कुणी धक्काही लावला नव्हता.

"अक्का, आहे?" सुवर्णानं डोळे मिटूनच विचारलं.

काय सांगणार? मी म्हटलं, "एक आहे."

मी खोटं बोलले नव्हते. पण माझ्या तोंडातून तेवढंच का निघालं ते सिद्धप्पालाच माहीत. सुवर्णानं डोळे उघडले. तिनं ते घर पाहिलं आणि एकदम खाली बसली. हसतेय की रडतेय ते कळेना. "आहे! अक्का, आहे! नेत्राचं गेलं, बघा. तिचं काम झालं ना, म्हणून पडलं ते. माझं व्हायचंय, म्हणून राहिलंय!" तिनं नारळ त्या घरापुढं ठेवला, कपाळ जमिनीला टेकवलं. मग लगबगीनं पदराच्या गाठीतून फोन काढला. "दादांना सांगून टाकते. नको आम्हांला जागा."

माझ्या मनात आलं, गप्प बसावं. देवानंच मार्ग काढलाय, पालय्याही सुटला, पोरही आनंदात. पण मग तिची ती जागा हातची जाणार होती आणि पोर-नवऱ्यासकट ती रस्त्यावर येणार होती, दुसऱ्याच्या घराकडं बघत. मी पालय्याकडं वळले आणि म्हटलं, "बोल. आता नाही बोललास तर मी बोलते."

"फोन ठेव, सुवर्णा," पालय्या म्हणाला. "ते तुझं नाही. ते नेत्राचं आहे."

ती हसतच होती. "असं कसं मामा? नेत्राचं घर झालं की."

"ते नेत्राचंच. तुझं मी पाडलं. तू बांधलंस त्याच संध्याकाळी. रोज सगळ्यांची पाडतो, खात्याचा हुकूम आहे. तुझंही पाडलं."

सुवर्णाचा फोन कानाशी गेला होता तो तसाच खाली आला. ती घराकडं बघत राहिली, मग पालय्याच्या पायांकडं. त्याच्या पायांत खात्याचे जाड बूट होते. मी मध्ये पडले. मला वाटलं, जरा सांभाळून घ्यावं. म्हटलं, "अगं, गर्दी होती त्या दिवशी. त्याच्या लक्षात नाही आलं, चुकून..."

"चुकून नाही," पालय्या म्हणाला.

मी त्याच्याकडं बघतच राहिले. सकाळी मला सांगितलेलं तोच मोडत होता.

"मला दिसलं होतं. दोन्ही दिसली होती. उजवीकडचं तुझं, तू वर पांढरी गारगोटी ठेवली होतीस. मी दोन्हींपुढं उभा राहिलो. साहेब दुसऱ्या दिवशी तपासायला येणार होते. एक घर आडोशाला खपून गेलं असतं. दोन ठेवली असती तर डोळ्यांत आली असती. म्हणून..." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "म्हणून मी एक निवडलं."

वाऱ्यानं सुवर्णाचा पदर उडाला, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. ती म्हणाली, "तुमचा यावर विश्वास नव्हता ना मामा? अक्कांच्या गाडीशी बसून घरं रचणाऱ्यांना तुम्हीच तर हसायचात."

"नव्हता."

"मग तिचं ठेवलंत तेव्हा कुठून आला?"

पालय्या तिच्यापुढं खाली बसला. एवढा बाप्या माणूस, गळ्यात शिट्टी लोंबतेय आणि लहान मुलासारखा तोंड वेडंवाकडं करून रडायला लागला. "तुझ्या आईनं माझी पोर जेवू घालून वाढवली. रोज वर येतो, रोज हे दिसतं. तू विचारायचीस उभं आहे का, आणि माझी जीभच वळायची नाही. सुवर्णा, पाड हे. तुझ्या पायानं पाड. तुझा हक्क आहे. माझ्यासमोर पाड, म्हणजे तरी मला जरा बरं वाटेल."

सुवर्णा उठली. मला वाटलं, खरंच पाडते की काय. ती त्या घराजवळ गेली. नारळ उचलला. मग मागं सरली आणि तिनं दिरांना फोन लावला. वर कणजगुड्ड्यावर आवाज अगदी स्वच्छ जातो. "दादा, आम्ही येतो. ती जागा आम्ही घेतो. हो, मीच सांगतेय. हो, ओबळेशला मी सांगते." फोन ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला ते पाणी असलेलं परवडलं असतं.

मग ती पालय्याला म्हणाली, "तुम्हांला बरं वाटावं म्हणून मी नेत्राचं घर पाडू? ओली बाळंतीण आहे ती, त्या घरात झोपलीय." पुढं म्हणाली, "आणि मामा, तिला यातलं काही सांगायचं नाही. कधीच नाही. तिला वाटेल आपण सुवर्णाच्या घरात राहतोय. तिला त्या घरात झोप लागली पाहिजे."

"मी सांगणार होतो तिला," पालय्या म्हणाला. "आजच सांगणार होतो."

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतेय, सांगायचं नाही."

नारळ तिनं सिद्धप्पापुढं फोडला, मला खोबरं दिलं, पालय्यालाही दिलं आणि उतरायला लागली. मी तिच्यामागं. संपूर्ण वाटेत ती एकच वाक्य बोलली, ते म्हणजे गावाकडच्या विहिरीला पाणी गोड आहे. तेही मला समजावल्यासारखं.

त्या संध्याकाळी पालय्यानं वर एकही घर पाडलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब आले, ओरडले, भिंतीचे फोटो काढून नेले. तेव्हापासून पुन्हा पाडायला लागला. नेत्राचं सोडून. आता चुरमुरे खाताना बोलत नाही. मीही टोमणे मारत नाही. गंमत गेली सगळी.

सुवर्णा महिना संपायच्या आत सामान हलवून गेली. ओबळेश रिक्षा घेऊन रोज पहाटे शहरात येतो, उशिरा परत जातो. निघताना ती नेत्राला मिठी मारून रडली, गल्लीतल्या प्रत्येकीला भेटली. पालय्याच्या पाया पडली. सगळ्यांसमोर पडली, त्याला मागं सरायलाही जागा ठेवली नाही.

मध्यंतरी मी नेत्राच्या बाळाला बघायला गेले. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेले होते. घर खरंच छान आहे, छोटंसं, पुढं तुळस, आत चूल नाही, गॅस. नेत्रानं बापाला वाढलं. मुद्दं म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, हुलग्याचं सार, वर तुपाची धार. मला म्हणाली, "अक्का, तुम्हीही दोन घास खा." मी बसले.

बाळ झोळीत होतं. नेत्रा झोळी हलवत म्हणाली, "मला सुवर्णाचं काही कळतच नाही. इतकी वर्षं थांबली आणि आता अचानक गावाला गेली. मला नीट कारणही सांगितलं नाही. अप्पा, तुम्ही तिला थांबवायचं होतं. तिचं घर होतं ना वर?"

पालय्यानं घास मोडला. "पडलं गं ते."

"कसं?"

"वाऱ्यानं."

नेत्रानं झोळीची दोरी धरून ठेवली. तिला मनापासून प्रश्न पडला होता, दुसरं काही नव्हतं. "वाऱ्यानं? मग माझं अजून उभं आहे म्हणता, ते कसं राहिलं, अप्पा? शेजारीच तर होतं."

पालय्यानं मोडलेला घास परत ताटात ठेवला. ती उत्तराची वाट बघत होती. मी बाळाकडं बघायला लागले.